प्रशासकाशी संपर्क साधा

आबांना चालू वस्तू बघवत नसे. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांचा हात शिवशिवायला लागायचा. पंख्याखालून कुणी पाणी प्यायला उठलं, तर तो माणूस परत येईपर्यंत पंखा थांबलेला असायचा. एकदा मुलगा न्हाणीघरात दाढी करत होता आणि आबांनी बाहेरून दिवा घालवला. "आबा, मी आहे आत!" असा आवाज आला, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "मग बोलायचं ना. माणसानं गुणगुणावं तरी."

माई म्हणायच्या, "म्हणून मी यांच्यासमोर फार वेळ गप्प बसत नाही. मलाही बंद करतील."

घरात एकच संगणक होता. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधल्या जागेत, भिंतीला लागून, एका जुन्या शिवणाच्या टेबलावर. तो घेतला होता सुनेनं, तिच्या कामासाठी. इमारती उभ्या राहायच्या आधीच आतून कशा दिसतील याची चित्रं ती करून द्यायची. भिंतीचा रंग, फरशीची चमक, खिडकीतून येणारं ऊन, सगळं. पण यंत्र घरात आलं म्हणजे ते सगळ्यांचं होतं. दुपारी माई त्यावर पत्त्यांचा डाव लावायच्या आणि पाच वाजता दूरदेशी राहणाऱ्या धाकट्या बहिणीशी बोलायच्या. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर बहीण नीट दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मुलगा बसडेपोत वेळापत्रकं लावायचा, तो संध्याकाळी येऊन बुद्धिबळ खेळायचा आणि हरायचा. आबा सकाळी मोठ्या अक्षरांत बातम्या वाचायचे. आणि वाचून झाल्या की, साहजिकच, संगणक बंद करायचे.

इथवर ठीक होतं. पण एका मंगळवारी सून दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. आबा मधल्या जागेतून जात होते. खुर्चीत कुणी नाही, पडदा काळाकुट्ट, आणि टेबलाखालचा डबा मात्र घोंघावतोय. आबांनी माउस हलवला, एका खिडकीत कसलेसे आकडे सरकताना दिसले, ते त्यांनी मिटवलं आणि रीतसर 'बंद करा' वर बोट ठेवलं. तुम्हाला नक्की बंद करायचं आहे का, असं यंत्रानं विचारलंही. आबांना नक्कीच करायचं होतं. मग त्यांनी पडदा फडक्यानं पुसला आणि समाधानानं पुढच्या खोलीत जाऊन बसले.

सून आली ती अर्ध्या सुजलेल्या तोंडानं.

"कुणी बंद केला?"

"मी," आबा अभिमानानं म्हणाले. "उगाच चालू होता. जवळ कुणी नव्हतं."

"आबा, तो काम करत होता. कालपासून चित्र तयार होत होतं. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहाचं."

"काम? अगं, पडदा काळा होता!"

"पडदा काळा होता. डोकं चालू होतं."

"यांचं कधीकधी उलटं असतं," माई आतून म्हणाल्या.

सून आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. ती उभ्यानंच कोमट चहा प्यायली, संगणक पुन्हा चालू केला, चित्र पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं आणि कुणाशी फारसं न बोलता स्वयंपाकाला लागली. आबांना वाटलं, विषय संपला. वादळ आलं नाही म्हणजे हवा चांगली आहे, असा पुरुषांचा एक समज असतो.

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आता प्रत्येकाचं वेगळं खातं केलंय. आपापलं नाव दाबायचं, आपापला पासवर्ड टाकायचा. आबा, तुमचं सगळं मराठीत करून दिलंय."

आबा खूश झाले. त्यांच्या नावाखाली जहाजाचं चित्र होतं. त्यांनी बातम्या वाचल्या, हवामान पाहिलं आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यातलं चक्र दाबलं. तिथे पूर्वी तीन ओळी असायच्या. आता एकच होती.

'बाहेर पडा.'

आबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. 'बंद करा' कुठेच नव्हतं. त्यांनी डब्याचं गोल बटण दाबलं. काही झालं नाही. मग कुणीतरी शिकवलेली दोन-तीन बटणं एकदम दाबायची युक्ती केली, तेव्हा पडद्यावर एक पाटी आली: 'हा संगणक बंद करण्याची परवानगी तुम्हाला नाही. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.'

"अहो, ऐकलंत का?" आबा ओरडले. खरं तर हे वाक्य माईंचं. ते आबांच्या तोंडी आलं म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "हे यंत्र मला म्हणतंय, बाहेर पडा! माझ्याच घरात मला!"

माई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी पाटी वाचली. "बरोबर आहे. जरा बाहेर पडा, भाजी घेऊन या."

"आणि हा प्रशासक कोण?"

या प्रश्नाचं उत्तर घरात आजवर कुणी मागितलंच नव्हतं. मुलगा कामावर निघायच्या तयारीत एक मोजा घालून उभा होता. तो म्हणाला, "मीच असेन. म्हणजे... वीजबिल माझ्या नावावर येतं."

"मला वाटत होतं मी," आबा म्हणाले.

"मला काही वाटत नव्हतं," माई म्हणाल्या. "मला माहीत होतं."

पण माईंचाही अंदाज अर्धाच बरोबर निघाला. प्रशासक सून होती. तिनं सरळ सांगून टाकलं, "चित्राचं काम सोमवारपर्यंत द्यायचंय. मध्येच बंद झाला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बंद करायची परवानगी फक्त मला आणि माईंना ठेवलीय. मी घरात नसताना काही झालं, तर एक भरवशाचं माणूस हवं ना."

भरवशाचं माणूस! आबांच्या काळजाला हे लागलं. मुलाच्या खात्यालाही परवानगी नव्हती, पण मुलगा मनाला लावून घेणाऱ्यातला नव्हताच; त्यानं दुसरा मोजा घातला आणि गेला. आबा मात्र दिवसभर घरात फिरत राहिले. त्यांनी तीन दिवे घालवले, एक पंखा बंद केला, पण जेवणात मीठ नसावं तसं सगळं अळणी लागत होतं. मधल्या जागेतून जाताना तो डबा नाकावर टिच्चून घोंघावायचा.

वायर उपटायचा विचार कुणाच्याही मनात आला असता. आबांच्या आला नाही. ते नोकरीभर कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रांवर होते. चालत्या यंत्राची वायर ओढणं म्हणजे त्यांच्या लेखी झोपलेल्या माणसाची गादी ओढण्यासारखं होतं. बंद करायचं तर रीतीनं. आणि रीत आता माईंच्या हातात होती.

त्या दुपारी ते माईंच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"डाव झाला का?"

"नाही."

"झाल्यावर बंद करणार ना?"

"करू नको म्हणून सांगितलंय. चित्र चाललंय."

"मग तुला परवानगी कशाला दिलीय?"

"बंद न करायला," माई म्हणाल्या आणि राजावर राणी ठेवली. थोड्या वेळानं, मान न वळवता, "तुमचा ओला टॉवेल पलंगावर आहे. तो दोरीवर गेला तर आठवड्यानं विचार करीन."

टॉवेल दोरीवर गेला. दुसऱ्या दिवशी आबांनी, न सांगता, कानांच्या डॉक्टरची वेळही घेतली. हे काम दोन वर्षं रेंगाळलं होतं. माईंना सत्तेची गोडी लागली होती. मुलगा बायकोला हळूच म्हणाला, "तू आबांची ही परवानगी आधीच काढून घ्यायला हवी होतीस."

पण आबा काही नुसते शरण जाणारे नव्हते. गुरुवारी सून मोजमापं घ्यायला गिऱ्हाइकाकडे गेली, माई वामकुक्षी घ्यायला आत गेल्या, आणि आबा संगणकासमोर बसले. बंद करायचंच असं काही त्यांच्या मनात नव्हतं. परवानगी हातात आली पाहिजे, एवढंच. असलेला अधिकार न वापरण्यात जी ऐट आहे, ती नसलेल्या अधिकारात नाही.

माईंच्या नावाखाली मांजराचं चित्र होतं. पासवर्ड विचारला गेला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'इशारा: यांना कधीच आठवत नाही ते.'

"यांना" म्हणजे आपण, हे आबांनी ओळखलं. पुढचं सोपं होतं. लग्नाची तारीख! साल आठवत होतं, महिनाही आठवत होता. तारखेच्या बाबतीत मात्र दोन मतं होती आणि दोन्ही आबांचीच होती. त्यांनी एक टाकली. चूक. दुसरी टाकली. चूक. मग त्यांनी मेव्हण्याला फोन लावला.

"आमचं लग्न किती तारखेला झालं हो?"

"का? काही झालंय का?"

"काही नाही. सहज."

"सहज कुणी विचारतं का हे! ताई बरी आहे ना?"

तारीख मिळाली. ती आबांच्या दोन्ही मतांपेक्षा वेगळी होती. ती टाकली, तरी चूक. याचा अर्थ आपण आणखीही काही विसरतो, या विचारानं आबा जरा दचकले. मग त्यांनी माईंचा वाढदिवस टाकला, जो त्यांना चक्क आठवत होता, आणि म्हणूनच तो चुकीचा असणार हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. शेवटी त्यांनी 'चष्मा' लिहिलं, कारण तो कुठे ठेवला हे त्यांना खरोखरच कधी आठवत नसे.

पडदा क्षणभर विचारात पडला. मग पाटी आली: 'अनेक चुकीचे प्रयत्न झाल्यामुळे या खात्याला कुलूप लागले आहे. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.'

आबांना कळून चुकलं. आपल्याला बंद करता येत नव्हतं, ते एक वेळ चाललं असतं. आता माईंना उघडताही येणार नव्हतं. आणि पाच वाजता धाकटी बहीण वाट बघत बसणार होती.

माई उठल्या, केस नीट केले, बहिणीसाठी बरी साडी नेसल्या आणि येऊन बसल्या. आबा पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण कालचं होतं.

"अहो," मधल्या जागेतून आवाज आला. "हे कुलूप कुणी लावलं?"

"कसलं कुलूप?" आबा म्हणाले. पण खाई त्याला खवखवे, पुढच्याच दमात ते म्हणाले, "मी फक्त चष्मा लिहिलं."

माई दारात येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन त्यांनाच आला. "ताई, तू बरी आहेस ना? दाजी लग्नाची तारीख विचारत होते, मला तर काही सुचेना..." माईंनी दोन मिनिटं ऐकून घेतलं, "बरी आहे" म्हणाल्या आणि फोन ठेवला. आबांनी मार खायच्या तयारीनं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

पण माई खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "लग्नाची तारीख नाही हो. ती तुम्हाला आठवत नाही याची मला सवय आहे. रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन परत कशासाठी येता?"

आबांना उमजेना.

"कुलूप लावलं की नाही, ते बघायला! इतक्या वर्षांत एकदाही तुम्हाला आठवलं नाही. कधीही बाहेर पडलो की मला कोपऱ्यावर उभं करून तुम्ही माघारी. 'कुलूप' एवढंच लिहायचं होतं. आता पडद्यावर सुद्धा लिहून आलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

बहिणीशी बोलणं फोनच्या चिमुकल्या पडद्यावर झालं. बहिणीला सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली गेली, आणि तिकडून आलेलं हसणं आबांना न्हाणीघरात दार लावूनही ऐकू आलं.

सून संध्याकाळी आली. आबा दारातच होते.

"प्रशासक आलात का?" ते म्हणाले. "संपर्क साधायचा होता."

तिनं पायातल्या चपला काढेपर्यंत आबांनी सगळं कबूल करून टाकलं. सुनेनं माईंच्या खात्याचं कुलूप काढलं. मग आबांसाठी एक स्टूल ओढलं.

"बसा इथे. तुम्हाला दाखवते, आत काय चाललंय ते."

पडद्यावर प्रतीक्षागृह होतं. वरचा अर्धा भाग स्वच्छ, खालचा अजून रवाळ, दळण अर्धवट चाळल्यासारखा. एका भिंतीवर खिडकीतून आलेलं ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाचा पिवळसर उजेड समोरच्या निळ्या खुर्च्यांवर उतरला होता.

"हे ऊन मी काढलेलं नाही," सून म्हणाली. "मी फक्त खिडकी कुठे आहे ते सांगितलं. ऊन कुठे पडेल, तिथून उडून कुठे जाईल, हे तो एकेका ठिपक्यासाठी मोजत बसतो. म्हणून दिवसेंदिवस लागतात. मध्येच थांबला तर..."

"तर सगळं नासलं," आबा म्हणाले.

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे तेच होतं," आबा म्हणाले. त्यांची नजर अजून त्या निळ्या खुर्च्यांवर होती. "कंप्रेसर. रात्रंदिवस चालू. सणवार नाही, सुट्टी नाही. एकदा साहेबांचा मेव्हणा कारखाना बघायला आला आणि आवाज फार होतो म्हणून त्यानं खटका पाडला. बाहेरून काही कळलं नाही, सगळं शांत. उलट बरं वाटलं लोकांना. सकाळी दार उघडलं तर मटारचा चिखल. त्या दिवसापासून खटक्याच्या खोलीला मी कुलूप ठोकलं. किल्ली माझ्याकडे. साहेबांनी मागितली तरी दिली नाही."

"साहेबांना राग नाही आला?"

"आला ना. म्हणाले, माझाच कारखाना आणि मलाच परवानगी नाही?" आबा थांबले. हे वाक्य ओळखीचं वाटलं असावं. त्यांनी कानामागे खाजवलं. "मी त्यांना काय म्हणालो असेन?"

"काय?"

"साहेब, तुमच्याच मटारसाठी."

सून हसली. आबाही हसले, पण जरा उशिरानं. मग ते म्हणाले, "घरी आल्यावर ना, बंद करता येतं याचाच आनंद व्हायचा मला. दिवा घालवला की घालवला. काही नासत नाही. तेवढीच एक चैन." हे त्यांनी आजवर माईंनाही सांगितलं नव्हतं. माई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. सुरी थांबल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाल्याचा.

"तुम्हाला परवानगी परत देऊ का?" सुनेनं विचारलं. "आता सांगून झालंय. माझा भरवसा आहे."

आबांनी विचार केला. "नको. काम होईपर्यंत नको. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही. तो आधी बटण दाबतो, मग मला विचारतो." मग त्यांचा आवाज बदलला; त्यात जुन्या नोकरीतली पाळी बदलतानाचा जोर आला. "पण तू घरात नसताना इथे लक्ष कोण ठेवतं? तापतोय का बघितलंस? मागची जाळी धुळीनं भरलीय. आणि हे फडकं कुणी टाकलंय डब्यावर?"

फडकं त्यांचंच होतं.

पुढचे चार दिवस घरानं जे सोसलं त्याला तोड नाही. आबा स्टूल घेऊन संगणकाशेजारी मुक्कामाला आले. सुनेला विचारून त्यांनी मागची जाळी बाहेरूनच ब्रशनं साफ केली. दर तासाला ते डब्याला पालथा हात लावून बघायचे, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. टेबलावर चहाचा कप ठेवायला बंदी आली. मुलगा बुद्धिबळ खेळायला आला तर आबा म्हणाले, "यंत्रावर भार येतो. तसाही तू हरतोस." माईंचे डाव दिवसाला एकावर आले. बहिणीशी बोलणं पाचच्या ठोक्याला सुरू होऊन साडेपाचला संपलंच पाहिजे, असं ठरलं. बहिणीनं तिकडून विचारलं, "हा कोण नवा साहेब?"

शेवटी सून स्वतःच दुपारी चित्राचा एक कोपरा दुरुस्त करायला बसली, तर आबा म्हणाले, "विचारलंस का कुणाला?"

"आबा, मी प्रशासक आहे."

"ते कागदावर," आबा म्हणाले. "पाळीवर मी आहे."

चित्र पूर्ण झालं ते सोमवारी दुपारी. सगळ्यांना बोलावून दाखवण्यात आलं. प्रतीक्षागृह इतकं खरं दिसत होतं की मुलगा म्हणाला, नंबर लावावासा वाटतो. माईंना खुर्च्यांचा रंग आवडला नाही, पण ऊन आवडलं. सुनेनं ते गिऱ्हाइकाला पाठवून दिलं, मोठा श्वास सोडला आणि चार बटणं दाबली.

"आबा, आता तुमच्या खात्यात जाऊन बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी जहाज दाबलं, पासवर्ड टाकला आणि कोपऱ्यातलं चक्र उघडलं. 'बंद करा' परत आलं होतं. सून झोपली होती, आठवड्याची झोप एकदम काढत होती. कुठलंही काम चालू नव्हतं. बोट बटणावर गेलं. पण मग त्यांनी ते काढून घेतलं आणि घराला उद्देशून विचारलं, "कुणाचं काही चालू आहे का?"

"माझा डाव राहिलाय अर्धा," माई आतून म्हणाल्या. "कालपासून. तुम्ही उठवलंत मला."

"मग ये, पुरा कर. मी थांबतो."

माई आल्या. आबांनी खुर्ची दिली आणि स्वतः स्टूलवर बसले. मांजर दाबून डाव उघडला गेला. माईंनी एक पत्ता हलवला, दुसरा हलवला, मग बराच वेळ काहीच हलवलं नाही.

"ती लाल सत्ती," आबा म्हणाले. "काळ्या अठ्ठीवर."

"मला दिसतेय."

"मग ठेव ना."

"मला विचार तर करू द्या! कुठे जायचंय का तुम्हाला?"

आबांना कुठेही जायचं नव्हतं. त्यांनी स्टूल थोडं पुढे ओढलं आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. सत्ती अठ्ठीवर गेली, तिच्याखालून एक्का निघाला, आणि दोघांनाही एकदमच म्हणावंसं वाटलं की हा डाव सुटतोय.